वायफायची खूण दिसते, पण नेट चालत नाही: दर वेळी राउटर बंद-चालू करण्याआधी हे बघा

तक्रार बहुतेक घरांत एकाच शब्दांत ऐकू येते: "वायफाय आलंय, पण काहीच उघडंना वो." फोनच्या वरच्या कोपऱ्यात वायफायची खूण असते, पण यूट्यूब नुसतं फिरत राहतं, नातवाचा व्हिडिओ कॉल लागत नाही, पेपरचं पान अर्धवट येऊन थांबतं. मग कोणी तरी उठून राउटरचं बटण बंद-चालू करतं आणि पाच मिनिटांत सगळं सुरू होतं. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. मुलं पुण्याला नाही तर बंगळुराला, घरात दोघंच. नेट बंद पडलं की गल्लीतल्या एखाद्या पोराला हाक मारायची. ते पोरगं येतं, भराभर बोटं फिरवतं, "झालं अण्णा" म्हणून जातं. काय झालं होतं आणि काय केलं, ते कळतच नाही. मला हे बघून वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं साठी-सत्तरीच्या माणसाला स्वतः तपासता येतं. त्यासाठी कॉम्प्युटरचा कोर्स लागत नाही, फर्डं इंग्रजीही लागत नाही. चार-सहा शब्द नीट कळले आणि कुठे बघायचं ते ठाऊक झालं की पुरे.

वायफाय वेगळं, इंटरनेट वेगळं

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून यावर थोडं थांबतो.

घरात आलेली पाण्याची सोय डोळ्यांसमोर आणा. राकसकोपच्या धरणातून पाणी बेळगाव शहरात येतं, गल्लीतल्या पाइपातून आपल्या टाकीत पडतं आणि टाकीतून स्वयंपाकघरातल्या नळाला येतं. नळाला पाणी नाही म्हणून कोणी लगेच नळ बदलत नाही. आधी टाकीत डोकावतो, मग शेजारी विचारतो, "तुमच्यात पाणी आलंय काय?" नेटचंही असंच तपासायचं. कंपनीकडून गल्लीत आणि गल्लीतून घरात जी तार येते तिच्यातून इंटरनेट येतं. ती तार ज्या पेटीत जाते तो राउटर. राउटरपासून तुमच्या फोनपर्यंत बिनतारी जे पोचतं ते वायफाय.

म्हणजे फोनवर वायफायची खूण दिसते याचा अर्थ एवढाच, की फोन आणि राउटर यांची जोडणी झाली आहे. राउटरमध्ये बाहेरून इंटरनेट येतंय की नाही, हे ती खूण सांगत नाही. अँड्रॉइड फोनवर त्या खुणेशेजारी बारीक उद्गारचिन्ह दिसलं, किंवा सेटिंगमध्ये नावाखाली 'नो इंटरनेट' असं लिहून आलं, तर राउटरपर्यंत सगळं ठीक आहे आणि पुढे अडलं आहे असं समजा. कॉम्प्युटरवर खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, वायफायच्या खुणेऐवजी पृथ्वीचा गोल दिसला तर इंटरनेट मिळत नाही असं समजा.

काही घरांत पेट्या दोन असतात. तार जिच्यात येते तिला कंपनीची माणसं 'ओएनटी' किंवा 'मोडेम' म्हणतात, आणि तिला जोडलेला राउटर वेगळा असतो. नव्या जोडण्यांत बहुधा दोन्हींचं काम एकच पेटी करते. तुमच्या घरात किती आहेत ते आजच बघून ठेवा, कारण दोन असतील तर बंद-चालू करताना क्रम पाळावा लागतो. तो पुढे सांगतो.

आणखी एक शब्द, 'डेटा'. फोनच्या सिमवरून येणारं नेट म्हणजे मोबाईल डेटा. त्याचा रिचार्ज वेगळा, घरच्या वायफायचा वेगळा. घरचं नेट गेलं की फोन गुपचूप मोबाईल डेटा वापरायला लागतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. घरात बसून रोजचा दीड जीबी दुपारीच संपत असेल, 'तुमचा डेटा संपत आला' असा मेसेज येत असेल, तर वायफाय नीट चालत नाही हे ओळखा. म्हणून कुठलीही तपासणी करताना आधी मोबाईल डेटा बंद करायचा. नाही तर फोन एक दाखवतो आणि खरी गोष्ट दुसरीच असते.

सगळ्यांचं गेलंय की एकाचंच?

मोबाईल डेटा बंद करून तुमच्या फोनवर एखादं पान उघडून बघा. मग घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा टीव्हीवर बघा. एकाच यंत्रावर चालत नसेल तर दोष त्या यंत्रात आहे. राउटरला हात लावायचं कारण नाही. कशावरच चालत नसेल तर राउटरकडे जा. ज्यांच्याकडे त्याच कंपनीचं कनेक्शन आहे अशा शेजाऱ्यांकडेही गेलं असेल तर घरात काही करू नका, दोष बाहेर आहे.

एवढं साधं काम आहे, पण पोरं ते करत नाहीत. सरळ बटणावर हात घालतात. आजीच्या फोनचा वायफाय चुकून बंद झालेला असतो आणि सगळ्या घराचं नेट पाच मिनिटं तोडलं जातं.

राउटरवरचे दिवे वाचायला शिका

माझ्या मते प्रत्येक ज्येष्ठ माणसानं शिकावी अशी ही एक गोष्ट. चष्मा लावा, गरज पडली तर फोनचा टॉर्च घ्या आणि पेटीवरच्या बारीक इंग्रजी अक्षरांवर मारा. फायबरच्या पेटीवर बहुधा 'पॉवर', 'पॉन', 'एलओएस', 'इंटरनेट', 'लॅन' आणि 'डब्ल्यूलॅन' किंवा 'वायफाय' असे दिवे असतात. कंपनीप्रमाणे रंग आणि जागा थोड्या बदलतात. म्हणून नेट व्यवस्थित चालू असताना त्या पेटीचा एक फोटो काढून ठेवा. पुढे बिघाड झाला की शेजारी फोटो धरून कोणता दिवा वेगळा दिसतो ते बघता येतं.

सगळ्यांत महत्त्वाचा दिवा एलओएस. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, प्रकाश येतो. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कंपनीकडून आपल्या घरात पोचतो. तो पोचला नाही की एलओएसचा दिवा लाल होतो किंवा लाल लुकलुकतो. नेट चालू असताना तो विझलेला असतो. हा दिवा लाल असताना राउटर दहा वेळा बंद-चालू केला तरी नेट येणार नाही. तार कुठे तरी तुटली आहे, दुमडली आहे किंवा सुटली आहे.

घरात तुम्ही एवढंच बघायचं: पेटीच्या मागून किंवा खालून निघणारी पातळ तार, पांढरी, पिवळी किंवा काळी, कपाटामागे दाबली गेली आहे काय? पलंगाच्या पायाखाली आली आहे काय? झाडलोट करताना ओढली गेली आहे काय? काचेचा तंतू करकचून वळला की प्रकाश पुढे जात नाही, तार वरून धडधाकट दिसली तरीही. ती बोटाभोवती गुंडाळू नका, रबर लावून घट्ट बांधू नका. तिच्या टोकाला बहुधा हिरवी किंवा निळी चौकोनी टोपी असते. ती पेटीत नीट बसली आहे का हे हलकेच दाबून बघा. सुटलेलं टोक मात्र डोळ्यांसमोर धरून आत बघू नका. तो प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला घातक ठरू शकतो.

घरात सगळं ठीक असेल तर तार बहुधा बाहेर तुटलेली आहे. पावसाळ्यात खानापूरकडे झाडाची फांदी पडते, शहरात गटारीसाठी किंवा पाइपासाठी रस्ता खणतात, गणपतीत मंडपासाठी आणि उंच मूर्ती नेताना गल्लीतल्या वायरी वर उचलून बाजूला बांधतात. अशा वेळी कंपनीला फोन करण्याशिवाय उपाय नाही, आणि तो लगेच करावा. "बघू, येईल संध्याकाळपर्यंत" म्हणत बसलात तर तक्रारीची नोंदच होत नाही.

पॉनचा दिवा उलटा वाचायचा. तो हिरवा आणि स्थिर असला की तार आणि कंपनी यांची गाठ पडलेली आहे. लुकलुकत राहिला तर पेटी अजून प्रयत्नात आहे. पाच मिनिटं थांबा. पॉन स्थिर हिरवा, एलओएस विझलेला, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद असेल तर तार शाबूत आहे आणि अडचण बहुधा कंपनीकडच्या तुमच्या खात्यात आहे. प्लॅन संपला असेल, नाही तर राउटरची लॉग-इनची माहिती पुसली गेली असेल.

प्लॅन संपल्याची गोष्ट फार घरांत घडते. कनेक्शन मुलाच्या नावावर असतं, रिचार्जची आठवण त्याच्या फोनवर जाते, तो कामाच्या गडबडीत असतो. इकडे वायफाय झळाळून दिसतं आणि नेट मात्र शून्य. प्लॅन कोणत्या तारखेला संपतो ते विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बंद-चालू करणं आणि रिसेट करणं

ही दोन कामं सारखी नाहीत, आणि दुसऱ्यानं खरंच नुकसान होतं.

बंद-चालू म्हणजे भिंतीवरचं बटण बंद करायचं, साधारण एक मिनिट थांबायचं, मग चालू करायचं. यानं पेटीच्या आत अडकलेलं काम मोकळं होतं आणि तुमची कुठलीही माहिती पुसली जात नाही. पेट्या दोन असतील तर दोन्ही बंद करा, आधी तार येते ती चालू करा, तिचे दिवे स्थिर झाले की मग राउटर. चालू केल्याबरोबर फोन हातात घेऊ नका. तीन ते पाच मिनिटं लागतात.

रिसेट म्हणजे पेटीच्या मागच्या किंवा खालच्या बारीक छिद्रात टाचणी घालून आतलं बटण काही सेकंद दाबून धरणं. यानं पेटी कारखान्यातून आली तशी कोरी होते. वायफायचं नाव आणि पासवर्ड जातो, आणि बऱ्याच कनेक्शनांत कंपनीनं भरलेलं युजरनेम-पासवर्डही जातं. मग कंपनीचा माणूस येऊन भरेपर्यंत नेट येत नाही. कोणी मदतीला आलं आणि "टाचणी हाय काय?" म्हणून विचारलं, तर तिथेच थांबवा. वायफायचा पासवर्ड हवा असेल तर आधी पेटीच्या खालचं लेबल बघा, मूळ नाव आणि पासवर्ड बहुधा त्याच्यावर छापलेला असतो.

करंट गेल्यावर रोजचीच कटकट

आपल्याकडे दिवसातून एकदा तरी करंट जातो. करंट गेला, आला, आणि नेट गेलं ते गेलंच. याचं कारण बहुतेक वेळा बिघाड नसतं, वेळेचा फरक असतो.

करंट आला की राउटरचा वायफाय मिनिटभरात सुरू होतो. फोन लगेच त्याला जोडला जातो. पण कंपनीकडून इंटरनेट यायला आणखी दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात फोननं तपासून बघितलेलं असतं, नेट मिळालेलं नसतं आणि 'इथे इंटरनेट नाही' असं धरून तो मोबाईल डेटावर गेलेला असतो. पुढे राउटरवर नेट आलं तरी काही फोन लवकर परत फिरत नाहीत. उपाय साधा आहे: राउटरचे दिवे स्थिर झाल्यावर फोनचा वायफाय बंद करून दहा सेकंदांनी पुन्हा चालू करायचा. राउटरला हात लावायची गरज नाही.

इन्व्हर्टर असूनही करंट जाताक्षणी नेट तुटतं, अशीही तक्रार असते. साधा इन्व्हर्टर बॅटरीवर यायला क्षणभर वेळ घेतो. पंख्याला ते जाणवत नाही, पण राउटरला तेवढा खंड पुरतो आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पुष्कळ इन्व्हर्टरांच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असं छोटं बटण असतं. ते यूपीएसवर ठेवलं तर बदल लवकर होतो. ते नसेल तर राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस, म्हणजे करंट गेला तरी वीज देत राहणारी बॅटरीची पेटी, घ्या. घेताना राउटरच्या अॅडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा, बहुधा १२ असतात, आणि तेवढ्याचाच घ्या. सेट-टॉप बॉक्सचा अॅडॅप्टर पिन बसते म्हणून राउटरला लावू नका. व्होल्ट वेगळे असले तर राउटर जळतो, किंवा अर्धवट चालून रोज त्रास देतो.

अॅडॅप्टर जुना झाला की एक ठरावीक लक्षण दिसतं: करंट असतानाही राउटरचे सगळे दिवे एकदम विझतात आणि पुन्हा एक-एक करून लागतात. दिवसातून असं होत असेल तर दोष कंपनीच्या तारेत नाही, अॅडॅप्टरमध्ये किंवा सैल बसलेल्या प्लगमध्ये आहे. शिवाय राउटर गरम होऊ देऊ नका. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालतात, टीव्हीच्या मागे कोंबतात, सेट-टॉप बॉक्सवर ठेवतात. रुमाल काढा. पेटीच्या अंगावरच्या फटी उघड्या राहिल्या पाहिजेत.

पुढच्या खोलीत चालतं, माजघरात नाही

बेळगावच्या शहापूर-वडगावातली जुनी घरं लांबलचक, जाड भिंतींची. राउटर पुढच्या खोलीत, कारण तार तिथून आत आली. आणि माणसं दिवसभर स्वयंपाकघरात नाही तर मागच्या पडवीत. तिथे वायफायची खूण अगदी बारीक दिसते आणि कॉल तुटतो. ही नेटची तक्रार नाही, अंतराची आहे. लोखंडी कपाट, मोठा आरसा, जाड भिंत यांच्यामागे वायफाय कमजोर होतं. राउटर जमिनीवर किंवा कपाटात ठेवू नका. घराच्या मध्याकडे, छातीएवढ्या उंचीवर ठेवा. तार वाढवून घ्यावी लागली तर कंपनीच्या माणसाकडूनच घ्या.

यात आणखी एक गुंता असतो. वायफायच्या यादीत बऱ्याचदा तुमच्याच राउटरची दोन नावं दिसतात, आणि एकाच्या शेवटी '५जी' असतं. मोबाईलच्या ५जीशी याचा काही संबंध नाही. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वाली वेगवान, पण भिंती पार करताना दमते. २.४ वाली हळू, पण लांब पोचते. राउटरजवळ बसून टीव्ही बघताना ५ वाली घ्या, मागच्या खोलीत २.४ वाली. फोन जुना असेल तर त्याला ५ वाली दिसतच नाही, म्हणून ती गायब झाली असं समजू नका.

एकाच यंत्रावर चालत नसेल तर

पासवर्ड बदलला गेला असेल तर फोन जोडला जात नाही. टाकताना कीबोर्ड मराठीवर नाही ना ते बघा, आणि पहिलं अक्षर चुकून मोठं पडलं नाही ना तेही बघा. पासवर्डमध्ये लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरतात. रकान्याशेजारी डोळ्याची खूण असते, ती दाबली की टाकलेली अक्षरं दिसतात.

जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरची एक तक्रार मात्र खास आहे. नेट चालू असतं, पण बँकेचं, पेन्शनचं, जीमेलचं पान उघडायला गेलं की 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशा अर्थाचा लाल इशारा येतो. सगळे नेटला दोष देतात. आधी खाली उजवीकडची तारीख बघा. ती काही वर्षांपूर्वीची असेल तर कारण सापडलं. वेबसाइटची सुरक्षा तारखेवर तपासली जाते. तारीख चुकली की कॉम्प्युटर चांगल्या साइटलाही खोटी ठरवतो. तारीख दुरुस्त केली की पान उघडतं. पण भिंतीवरचं बटण बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे जात असेल तर आतला बटणाएवढा सेल संपला आहे. त्याच्यावर 'सीआर २०३२' असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे थोडक्या पैशांत, दहा मिनिटांत बदलून होतो. एवढ्यासाठी नवा कॉम्प्युटर घ्यायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. घरातला नंबर बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तो १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर राउटरनं नंबर दिलाच नाही आणि कॉम्प्युटरनं स्वतःच एक लावून घेतला. वायफायच्या यादीत त्या नावावर 'फरगेट' (विसरा) दाबून पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. बहुतेक वेळा काम होतं. नाही झालं तर राउटर एकदा बंद-चालू करा.

व्हॉट्सअॅप चालतं पण वेबसाइट उघडत नाहीत, असं झालं तर बहुधा डीएनएस अडलेलं असतं. आपण साइटचं नाव टाकतो, कॉम्प्युटरला नंबर लागतो. नावावरून नंबर शोधून देणारी सोय म्हणजे डीएनएस. जाणकाराकडून सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असा नंबर घालून घ्या. स्वतः खटाटोप करू नका.

सीमेवरच्या गावांत फोनचा डेटा अचानक का जातो

निपाणी, किंवा बेळगावच्या पश्चिमेला चंदगडच्या हद्दीलगतची गावं, इथे एक वेगळाच प्रकार होतो. घराच्या एका खोलीत फोन कर्नाटकातला टॉवर धरतो, दुसऱ्या खोलीत किंवा शेतावर महाराष्ट्रातला. काही फोनांत तेवढ्यानं रोमिंग लागतं, रेंजच्या खुणेशेजारी इंग्रजी 'आर' दिसतो, आणि सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' बंद असेल तर फोन येतात-जातात पण नेट बंद. सिम बदलून, फोन बदलून उपयोग होत नाही. मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग चालू करा. देशातलं रोमिंग आपल्या प्लॅनमध्ये धरलंय ना, हे एकदा विचारून घ्या. परदेशात मुलाकडे जाताना मात्र ते आठवणीनं बंद करा.

कंपनीला फोन करताना

लाल दिवा असेल, किंवा पॉन ठीक असून इंटरनेटचा दिवा येत नसेल, तर फोन करा. तत्पूर्वी कनेक्शन कोणाच्या मोबाईल नंबरावर आहे ते माहीत हवं. मुलाचा नंबर दिलेला असेल तर तुमच्या फोनवरून तक्रार घेताना अडचण येते आणि ओटीपी पुण्याला जातो. शक्य असेल तर तुमचाही नंबर खात्यात घालून घ्या.

आपल्या भागात फोनवर कन्नड, हिंदी, इंग्रजी असे पर्याय मिळतात, मराठी मिळेलच असं नाही. म्हणून पुष्कळ आज्या फोनच करत नाहीत. घाबरू नका, दोन वाक्यं पुरतात. कन्नडमध्ये "राउटरनल्ली एलओएस केंपु लाइट बर्ता इदे, नेट इल्ला", हिंदीत "राउटर पर एलओएस की लाल बत्ती जल रही है". दिव्याचं नाव घेतलंत की पलीकडचा माणूस "बंद करून चालू करा" यात वेळ घालवत नाही, तक्रार लिहून घेतो. तक्रारीचा नंबर मागा आणि कागदावर उतरवा.

कोणी स्वतःहून फोन करून "तुमचं नेट बंद पडणार आहे, हे अॅप घाला, आलेला नंबर सांगा" म्हणालं तर फोन ठेवून द्या. असा स्वतःहून आलेल्या फोनवर ओटीपी कधीच सांगायचा नाही, आपल्या फोनचा पडदाही दाखवायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

कंपनीचा माणूस आला की तो निघण्याआधी तुमच्या फोनचा मोबाईल डेटा बंद करा आणि माजघरात जाऊन एक व्हिडिओ लावून बघा. त्यानं काय बदललं ते विचारा: तार, अॅडॅप्टर की सेटिंग. तारखेसह वहीत लिहा. महिन्याभरात पुन्हा तेच झालं तर पुढच्या माणसाला ती वही दाखवा. आणि 'तक्रार सोडवली' असा मेसेज आला, पण नेट आलेलंच नसेल, तर त्याच दिवशी पुन्हा फोन करून जुना नंबर सांगा आणि तीच तक्रार परत उघडायला लावा.